यादीतून खोडलेली विहीर

दारासुरमच्या त्या गल्लीत हनुमंतरावांना न ओळखणारं घर नाही, पण त्यांना नुसतं पाणी देणारं घरही नाही. कॉफी देतात, ताक देतात, पानाचं तबक पुढं करतात. पाणी मागितलं की घरची बाई आत जाते ती बराच वेळ बाहेर येत नाही. कारण पेला हाती आला की हनुमंतराव तो आधी उजेडाकडे धरतात, मग एक घोट जिभेवर ठेवून डोळे मिटतात आणि गिळल्यावर घरधन्याला विचारतात, "संडासाची टाकी विहिरीपासून किती पावलांवर बांधलीय?"

एकतीस वर्षं हा माणूस भूजल खात्यात होता. साहेब नव्हे, विहिरी मोजणारा. कावेरीच्या मुलखात खात्यानं काही विहिरी निवडून ठेवलेल्या असतात. दर महिन्याला तिथं जायचं, पोलादी टेपेच्या टोकाला निळा खडू फासायचा, कठड्यावरच्या लाल खुणेपाशी धरून टेप खाली सोडायची. वर ओढल्यावर खडू जिथवर भिजून गडद झाला तिथवर पाणी. आकडा नोंदवहीत, नमुन्याच्या पाण्याची बाटली पिशवीत, सायकल पुढच्या गावाला. इन्नंबूरच्या भातखाचरांतून, तिरुनीलक्कुडीच्या देवळामागून, पुढं बसनं नागपट्टणम आणि पार वेदारण्यमपर्यंत, जिथं विहिरीच्या कठड्याला टेकलं की समुद्राचा आवाज येतो.

त्या किनाऱ्यावर त्यांनी पाहिलं की समुद्र जमिनीच्या पोटातूनही चालत येतो. वरून काही दिसत नाही. माणसं गोडं पाणी जितकं उपसतात तितका तो खालून सरकतो, वर्षाला चार हात, सहा हात, आवाज न करता. एका वर्षी विहीर गोड असते, दुसऱ्या वर्षी डाळ शिजत नाही, तिसऱ्या वर्षी नारळाची झावळी टोकाकडून करपायला लागते. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण खारावलेली वाळू धुऊन निघायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही.

संशय घेण्याची सवयही त्यांना तिथंच लागली. एका कोळंबीच्या तळ्याच्या मालकानं नमुन्याच्या आदल्या दिवशी आपल्या विहिरीत टँकरभर गोडं पाणी ओतून ठेवलं होतं. हनुमंतरावांनी चाखलं, गोड लागलं. मालक हसून शहाळं फोडायला निघाला. तेवढ्यात त्यांची नजर विहिरीच्या आतल्या भिंतीवर गेली. शेवाळ मिठानं पांढरं पडून वाळलं होतं, आणि पाणी मात्र गोड. त्यांनी शहाळं घेतलं नाही. नोंदवहीत लिहिलं, 'पाणी गोड. शेवाळ मेलेलं. पाणी या विहिरीचं नाही.' खात्यात त्या तीन वाक्यांची बरीच वाहवा झाली. तेव्हापासून माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास राहिला नाही. टेपेवर मात्र राहिला.

निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि रुक्मिणीबाई. दोघं एकमेकांशी बोलतात ती मराठी भोसल्यांच्या काळात वाडवडिलांनी इकडं आणली ती, मध्येमध्ये तमिळ शब्द मिसळलेली; पुण्याचे पाहुणे आले की म्हणतात, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. गल्लीत अशी मराठी घरं अकरा, बाकी सगळे रेशीम विणणारे आणि रंगवणारे.

या अकरा घरांत हनुमंतरावांचा एक मान होता. शुक्रवारी बायका देवीला कुंकुमार्चन करतात. पूजा उतरली की ते वेताची टोपली घेऊन दारोदार जात, निर्माल्य गोळा करत, वर केळीचं पान झाकून घरी आणत. शेवंती, झेंडू, तुळशी, दुर्वा, आणि ओंजळी ओंजळी कुंकू. ते सगळं परसातल्या कोरड्या विहिरीत सोडत. विहिरीवर शिळा होती, शिळेला हात जाईल एवढं भोक होतं. "नदीत नाही, गटारात नाही, कुणाच्या पायदळी नाही," असं ते सांगत. अरसलार नदीच्या पात्रात या गल्लीतलं एक फूल सापडलं तर दाखवा, असंही सांगत. आणि ते खरंच होतं.

प्यायची विहीर वेगळी होती, घराच्या बाजूला. तिची तऱ्हा अशी की तिच्या बरोबर मधून भिंत गेली होती. अर्धा कठडा हनुमंतरावांच्या अंगणात, अर्धा साईरामच्या. वर दोन कप्प्या, दोन दोर, खाली पाणी एकच. साईराम रेशीम रंगवणारा, पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. त्याच्या अंगणामागं पत्र्याची शेड होती, शेडमध्ये तांब्याचे चार हंडे, आणि त्यांवर त्याच्यासकट पाच घरं जगत होती. सकाळी दोन्हीकडच्या बादल्या एकदम उतरल्या की विहिरीत आदळत, आणि भिंतीपलीकडून तो ओरडे, "मामा, आज तुमची बादली आधी जाऊ दे, वयाचा मान!"

मागच्या नवरात्रानंतरच्या शनिवारी रुक्मिणीबाईंनी कॉफीचं पाणी पितळी पातेल्यात ओतलं आणि नाक मुरडलं.

"हें पाणी पाहा हो. शेवंती कुजल्याचा वास येतो."

हनुमंतराव पेपर टाकून उठले. त्यांनी पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, खिडकीशी नेलं, पेल्यामागं पांढरा कागद धरला. पाण्याला गुलाबी छटा होती. फार नाही, नव्या नवरीच्या तळव्यावरची मेंदी चार दिवसांनी उरते तेवढी. पण होती.

"शेवंती कसली," ते म्हणाले. "हा रंग आहे. शेडमधला."

"मी वासाचें म्हणतें, तुम्ही रंगाचें बोलतां."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कॉफी कळते," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि ते पाणी त्यांनी मोरीत ओतलं. तुळशीला घालायलाही त्यांचं मन झालं नाही.

मंगळवारपर्यंत पाणी निवळलं. पुढच्या शनिवारी पुन्हा गुलाबी. त्या दिवशी हनुमंतरावांनी ट्रंकेतून एक कोरी वही काढली.

वहीत लिहायची त्यांची रीत खात्यातली होती. जे दिसतं ते लिहायचं, जे वाटतं ते लिहायचं नाही. पडवीत आरामखुर्ची अशी फिरवली की भिंतीच्या वरून शेडचं दार आणि रंगवलेल्या रेशमाच्या लड्या वाळवायच्या बांबूच्या काठ्या दिसाव्यात. मग रोज सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सहा, हातात पेन्सिल. 'सहा दहा, सांडपाण्याचा टँकर आला. सहा चाळीस, गेला. काठ्यांवर लड्या: पोपटी, हळदी.' 'शेडमागं सिमेंटची दोन पोती. झाकलेली.' 'साईरामच्या घरी पाण्याचे कॅन उतरले. चार.'

कॅनच्या नोंदीखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. ज्याच्या अंगणात अर्धी विहीर आहे तो माणूस पाणी विकत का आणतो? विहिरीत काय आहे हे त्याला ठाऊक असल्याशिवाय?

आणि सिमेंट. रंगाचं सांडपाणी साठवायची टाकी आधीची होतीच, ते पाणी टँकरनं शुद्धीकरणाच्या कारखान्यात जातं असं तो सांगत असे. मग ही सिमेंटची पोती कशाला? काय बुजवतोय? शनिवारचा हिशेब तर सरळच होता. शनिवारी कचेऱ्या बंद, तपासायला कुणी येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेलं पाणी सोमवारपर्यंत वाळूत मुरून जातं. त्यांना कोळंबीवाल्याचं हसू आठवलं.

एके सकाळी बादल्या आदळल्या तेव्हा पलीकडून हाक आली नाही.

"साईराम," हनुमंतराव भिंतीला उद्देशून म्हणाले, "हल्ली कॅनचं पाणी गोड लागतं वाटतं?"

पलीकडं दोर थांबला. "मुलीचा घसा धरतो, मामा. डॉक्टरनं सांगितलं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

कप्पी करकरली, बादली वर गेली. हनुमंतरावांनी वहीत लिहिलं, 'डॉक्टरचं नाव सांगितलं नाही.'

रुक्मिणीबाई सगळं पाहत होत्या. लड्यांचे रंग लिहिणारा नवरा त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पाहिला. "उद्यां त्याच्या घरीं काय भाजी झाली तेंही लिहा," त्या म्हणाल्या. "वांगें असलें तर जांभळें पाणी येईल."

पण थट्टा करून पाणी निवळत नव्हतं. त्या आता पिण्यापुरतं पाणी व्यंकोबांच्या घरून, गल्लीच्या त्या टोकावरून, कळशीनं आणत होत्या, आणि गुडघे दुखतात हे कुणाला सांगत नव्हत्या. देवाच्या आंघोळीला मात्र घरच्या विहिरीचंच पाणी लागतं; शनिवारी त्या देवाला नुसता ओला हात फिरवत आणि दिवसभर गप्प राहत. हनुमंतरावांना त्या गप्प बसण्याचा राग येई, आणि तो सगळा भिंतीपलीकडं जाई.

मार्गशीर्षात त्यांनी अर्ज लिहिला. दोन पानं, तमिळमध्ये, आकड्यांसकट. शेजाऱ्याची शेड, टाकी, सिमेंट, कॅन, शनिवार. अर्ज घेऊन ते स्वतः कचेरीत गेले. तिथं आता नागलक्ष्मी बसत होती. बारा वर्षांपूर्वी ती नवी नोकरीला लागली तेव्हा खडू कसा फासायचा हे तिला हनुमंतरावांनीच शिकवलं होतं. तिनं अर्ज वाचला, चष्मा काढला.

"सार, नमुना तपासून घ्यायचा का आधी? रंग कोणता ते कळायला तीन आठवडे लागतील."

"तीन आठवड्यांत तो टाकी बुजवून मोकळा होईल."

"मग मी गुरुवारी येते. शेड त्याच दिवशी बंद करावी लागेल, निकाल येईपर्यंत." तिनं अर्जाची घडी घातली. "दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर मी आधी नमुनाच मागितला असता, सार. तुम्ही लिहिलंय म्हणून."

बसमधून परतताना हनुमंतरावांना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि दर वेळी छाती थोडी भरून येत होती.

ही बातमी गल्लीत कशी पोचली कोण जाणे. बुधवारी सकाळी साईराम दारात उभा राहिला. भिंतीपलीकडून नव्हे, समोरून, रस्त्यानं चालत. हात कोपरापर्यंत हिरवे होते.

"मामा, उद्या शेडला कुलूप लागणार म्हणे."

"पाणी तपासणार आहेत. तुला भीती कशाची?"

"भीती?" साईराम पायरीवर बसला नाही. "नवरात्र झाल्यावर पाणी गुलाबी झालं ते मी तुमच्या आधी पाहिलं. मला वाटलं, माझीच टाकी फुटली. लोक काय म्हणतील म्हणून कुणाला बोललो नाही. कॅन आणले, पोरांना ते पाजलं. टाकी उपसून आतून पुन्हा गिलावा केला. तरी पाणी गुलाबी. मग दिवाळीपासून मी लाल हंडा चढवलाच नाही. लग्नाचा हंगाम आहे, मामा. सगळे लाखेसारखा तांबडा अरक्कू मागतात, डाळिंबी मागतात, कुंकवाचा लाल मागतात. मी म्हणतो, हिरवा घ्या, पिवळा घ्या. दोन विणकर तोडून गेले. दोन महिने लाल नाही, आणि पाणी तरी गुलाबी येतंय. आता तुम्हीच सांगा ते कुठून येतं. तुम्ही पाण्याचे पंडित."

"हे सगळं आज सांगतोस."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही डॉक्टरचं नाव विचारलंत."

तो गेला. पायरीवर त्याच्या ओल्या चपलेचा हिरवा ठसा राहिला. हनुमंतराव त्या ठशाकडं पाहत राहिले आणि मनात म्हणाले, कोळंबीवाल्याचं पाणीही असंच गोड लागलं होतं. बोलण्याला काय लागतं. उद्या नागलक्ष्मीपुढं हा हेच सांगणार. तेव्हा वही उघडून त्याला तारखेनं खोटं पाडायचं. अमुक तारखेला काठीवर लाल लडी होती, तमुक तारखेला डाळिंबी. वही आहे कशाला?

ते पडवीत बसले, चष्मा लावला, आणि दिवाळीपासूनची पानं उलटू लागले. लाल शोधायचा, तारीख वेगळ्या कागदावर उतरवायची. पोपटी, हळदी. मोरपंखी. पोपटी, राई. हळदी, पांढरा. शेवाळी. पानामागून पान गेलं. पोपटी, मोरपंखी. एका ठिकाणी 'तांबूस?' असं दिसलं तेव्हा बोट थांबलं, पण पुढं त्यांच्याच अक्षरात होतं, 'जवळ जाऊन पाहिलं, ऊन पडल्यामुळं. राई.'

त्रेपन्न दिवस. एकाही दिवशी लाल नाही.

वेगळा कागद कोरा होता. त्याच त्रेपन्न दिवसांत गुलाबी पाण्याच्या नोंदी सात होत्या, सातही शनिवारच्या. वही त्यांनी मिटली, पुन्हा उघडली. वहीत जे दिसलं तेच लिहिलं होतं. जे वाटलं ते सगळं अर्जात होतं.

आत रुक्मिणीबाई परवाच्या शुक्रवारसाठी पूजेची भांडी घासत होत्या. चिंच आणि राखेचा वास येत होता, पितळ खणखणत होतं. हनुमंतराव ऐकत होते. शनिवार कचेऱ्या बंद म्हणून नव्हे, तर आदल्या दिवशी शुक्रवार म्हणून. शेवंती कुजल्याचा वास. ते उठले तेव्हा खुर्ची मागं आपटली.

"काय झालें?"

"टेप कुठाय माझी?"

परसातली विहीर चोवीस फूट खोल. एके काळी तीही खात्याच्या यादीत होती, घरची म्हणून ते ती सगळ्यांत आधी मोजत. मग दोन हजार सतराचा दुष्काळ आला. नदीत वाळूशिवाय काही नव्हतं. टेप तळाला खळकन आपटली आणि खडू कोरडा वर आला. चार महिने कोरडा आला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं नोंदवहीत 'कोरडी' लिहिलं, तांबडी रेघ मारली, आणि विहीर यादीतून गेली. तिच्या जागी पलीकडच्या गावची एक आली. यादीत नाही ती विहीर मोजायची नसते. पुढच्या सगळ्या वर्षांत कालव्यांना पाणी आलं, पावसाळे भरून गेले, आणि त्यांच्या मनात ती कोरडीच राहिली. छपरावरच्या पावसाचा पाइपही सरकारी नियमाप्रमाणं त्यांनी त्याच विहिरीत सोडला होता. पाइपातून पाऊस, शिळेच्या भोकातून निर्माल्य. शिळा कुणी सरकवली नाही.

पहारीनं त्यांनी ती सरकवली. आतून जो वास आला त्यानं रुक्मिणीबाईंनी पदर नाकाला लावला. पण त्या मागं सरल्या नाहीत. हनुमंतरावांनी खडू फासला. कागदी फुलाला रंग लावावा तसा, हळू. टेप सोडली. खळकन आवाज आला नाही. कसलाच आला नाही. दहा फुटांवर टेप हलकी झाली.

वर ओढली. दहा फूट एक इंचावर खडू भिजला होता. आणि भिजलेला निळा खडू काळसर दिसायला हवा तो जांभळट दिसत होता, कारण त्यावर लाल चढला होता.

परसात एक कावळा नारळीवर बसून ओरडत होता.

अजूनही एक पळवाट होती, आणि ती त्यांनी शोधून पाहिली, कारण माणूस शोधतोच. विहिरीत लाल पाणी आहे म्हणून ते दुसरीकडं वाहतंच असं कुठं आहे? पाणी उंचावरून खाली जातं, जमिनीच्या आतही. साईरामच्या बाजूचं पाणी वर असेल तर ओघ तिकडून इकडं. त्यांनी कोपऱ्यावरच्या गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी मागून आणली, तिच्या टोकांतलं पाणी जुळवून दोन्ही कठड्यांची उंची ताडली. परसातला कठडा तीन इंच खाली. मग बाजूच्या विहिरीत टेप सोडली. अकरा फूट चार इंच.

हिशेब त्यांना कागदावर करावा लागला नाही. परसातलं पाणी बाजूच्या विहिरीपेक्षा बरोबर एक फूट वर होतं. मध्ये अठरा पावलं, सगळी वाळू. यंदा भरल्या पावसानं चढलेलं पाणी, त्यात नवरात्रातलं नऊ दिवसांचं कुंकू, मग दर शुक्रवारी वरून आणखी, दर पावसाला छपराचं पाणी, आणि त्याचा जोर बाजूच्या विहिरीकडं, तिथून भिंतीखालून साईरामच्या अंगणाकडं. बाजारचं कुंकू कधीचंच हळदीचं उरलं नव्हतं. त्यातही रंगच होता, साईरामच्या हंड्यातल्यापेक्षा हलका आणि स्वस्त.

"साईरामची मुलगी," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "घसा धरतो म्हणाला होता."

"खोटं होतं ते. कॅन कशासाठी आणले ते त्यानंच सांगितलं आज."

"खोटें असलेलें बरें," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन वेताची टोपली त्यांनी माळ्यावर टाकली.

गुरुवारी नागलक्ष्मी जीपनं आली. बरोबर सीलची लाख, साखळी, दोन शिपाई. गल्ली दारादारांत उभी होती. साईराम शेडसमोर उभा होता, किल्ल्यांचा जुडगा हातात धरून. मागितल्या तर द्याव्यात म्हणून आधीच काढून ठेवलेला. त्याची माणसं हंड्यांपाशी उकिडवी बसली होती.

हनुमंतराव घरातून वही घेऊन निघाले. साईरामनं वहीकडं पाहिलं, मग मान फिरवली.

"शेड नंतर," हनुमंतराव म्हणाले. "आधी माझं परस बघ."

नागलक्ष्मी शिळेजवळ वाकली आणि लगेच सरळ झाली. "ही कोणती विहीर, सार? यादीत ही नाही, आणि अर्जात बाजूची एकच होती."

"यादीतून मीच काढली. कोरडी म्हणून."

"मग मोजली नाही कुणी?"

"यादीत नव्हती ना."

ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, उभं राहून, सगळ्यांसमोर, तमिळमध्ये, आकडे आधी आणि कारण नंतर. वही उघडून त्रेपन्न दिवसांची पानं दाखवली. अकरा घरांतल्या बायका कुंपणाशी होत्या. कुंकवाचं नाव निघालं तेव्हा त्यांच्यात कुजबुज झाली, व्यंकोबांच्या सुनेनं मोठ्यानं म्हटलं, "पण टोपली घेऊन तर मामाच येत." हनुमंतराव म्हणाले, "हो. मीच."

नागलक्ष्मीनं त्यांचा अर्ज पिशवीतून काढला. "हा परत घेता?"

"परत नको. दप्तरी ठेव. खाली दुसरा जोड." दुसरा त्यांनी रात्रीच लिहून ठेवला होता. अर्धं पान. त्यात संशयाचा शब्द नव्हता. एक विहीर, तिची खोली, तिचं पाणी, तिच्या मालकाचं नाव.

साईरामकडं ते गेले तेव्हा काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. साईरामनंच तोंड उघडलं.

"दोन विणकर गेलेत माझे, मामा."

"मी जातो त्यांच्याकडं. सांगतो."

"तुम्ही सांगाल आणि ते ऐकतील?" साईरामनं किल्ल्या कनवटीला लावल्या. "तुम्ही माझ्याबद्दल सांगितलंत ते मात्र गल्लीनं एका दिवसात ऐकलं."

हनुमंतरावांनी वही काखेत धरली आणि ते परसातल्या शिळेकडं परतले.

विहीर उपसायला चार दिवस लागले. गाळ वर आला तो काळा, त्यात न कुजलेल्या गोष्टी वेगळ्या दिसत: पणत्या, बांगड्यांचे तुकडे, देवीच्या फ्रेमची काच, प्लास्टिकच्या कुंकवाच्या डब्या. साईरामनं आपला पंप आणून दिला, आणि उपसलेलं लाल पाणी आपल्याच गिलावा केलेल्या टाकीत घेतलं, टँकरनं पाठवलं. मदत म्हणून नव्हे. "तुमच्या परसात ओतलंत तर पुन्हा माझ्याकडंच येणार," असं त्यानं तोंडावर सांगितलं, आणि टँकर भरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

निर्माल्याला आता नारळीखाली सिमेंटचं कडं आहे, तळ बांधलेला, वर झाकण. पूजेला घरची हळद कुटून केलेलं कुंकू, तेही चिमटीभर. छपराचा पाइप वाळूच्या खड्ड्यातून गाळून जातो. पाणी निवळायला माघ उजाडला. पहिल्या स्वच्छ शनिवारी रुक्मिणीबाईंनी दोन पेले कॉफी केली आणि एक भिंतीवरून पलीकडं दिला. पेला बराच वेळ भिंतीवर होता. मग कुणीतरी उचलला.

हनुमंतरावांनी नवी नोंदवही आखली. परसातली विहीर पहिल्या ओळीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते टेप आणि खडू घेऊन निघाले तर दारात साईराम. हात कोपरापर्यंत डाळिंबी रंगात भिजून वाळलेले.

"टेप इकडं द्या."

"तुला जमणार नाही."

"शिकवा. तुमच्या हातानं मोजलेलं मी मानत नाही आता."

परसातल्या विहिरीशी हनुमंतरावांनी टेप त्याच्या हातात दिली. साईरामनं खडू जाड फासला, अर्धा वाया घालवला, टेप कठड्याच्या लाल खुणेपाशी धरून सोडली, वर ओढली, उजेडाकडे धरली.

"अकरा फूट दोन."

हनुमंतरावांनी पेन्सिल उचलली, आणि टेकवली नाही. त्यांनी खडूकडं पाहिलं, साईरामकडं पाहिलं.

"पुन्हा सोड," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं तुम्ही म्हणणार," साईराम म्हणाला, आणि त्यानं टेप पुन्हा खाली सोडली.